संस्थेला कुलूप लागतंय, फायलींचं काय करायचं?

बालाघाट

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, पण इथे वकील, ग्रंथपाल, चळवळीतले, आयटीतले सगळेच वावरतात, म्हणून धागा काढतोय.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मानवी हक्कांवर काम करणारी एक संस्था आहे. ट्रस्टींना अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा जी पोरं गावोगाव फिरून माहिती लिहून घेत होती, त्यांतल्याच काहींनी ती पुढे काढली. मग गायरान आलं, ॲट्रॉसिटीच्या केसेस आल्या, ऊसतोड मजुरांची उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) आली, पारध्यांच्या पालांवरचे छापे आले. आता संस्थापक राहिले नाहीत. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसरीला देणं बंद झालं. तालुक्याच्या संस्था मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या अशाच पैशावर तगून होत्या. जागा भाड्याची आहे आणि मालकाला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचंय.

आत काय आहे ते सांगतो. लोखंडी कपाटं आणि खताच्या गोण्या, दोन्ही भरलेलं. सत्यशोधन अहवाल, छापलेले आणि हातानं लिहिलेले कच्चे. फिर्यादीच्या नकला, पंचनामे, पोस्टमॉर्टेमच्या झेरॉक्स. जळालेल्या घरांचे फोटो, त्यांच्या निगेटिव्ह. बायकांच्या जबान्यांच्या कॅसेट. गायरानधारकांच्या गावनिहाय फायली. मुकादमानं शंभराच्या बाँडवर लिहून घेतलेल्या उचलीच्या नकला. आणि पोस्टकार्डं, ढिगानं. 'साहेब, आमच्या पाण्यावर काटे टाकले, या' अशी.

ट्रस्टींमध्ये तीन मतं आहेत. एक म्हणतात रद्दीत घाला, केसेस संपल्या. दुसरे म्हणतात सगळं स्कॅन करा, पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि कागद टाकून द्या. तिसऱ्यांचं म्हणणं विद्यापीठाला द्या. मला पहिलं पटत नाही आणि दुसरं पटत नाही, तिसऱ्याबद्दल खात्री नाही. कोणी असं काम केलंय का?

माळेगावची_जत्रा

रद्दीला अजिबात देऊ नका. कपाटांचे फोटो टाका ना इथे, अंदाज येईल.

बालाघाट

फोटो नाही टाकणार. फायलींच्या पाठीवर गावं आणि माणसांची नावं आहेत.

काळी_माती

बालाघाट भाऊ, केसेस संपल्या असं कोण म्हणायलंय त्यांना माझ्याकडं पाठवा. आमच्या चुलत्याचं सांगतो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. आज्यानं गायरानाचा तुकडा फोडला, दगडं येचून ज्वारी पेरली. गावानं जनावरं घातली, मारहाण झाली, तलाठ्यानं अतिक्रमण म्हणून दंड केला. आज्याला वाटलं दंड झाला म्हंजे हारलो. पावती फाडून टाकायला निघाला तर संस्थेतला कार्यकर्ता म्हणला, ही आण इकडं, सोन्याची हाय. तवा कुणाला कळलं न्हाई. पुढं सरकारचा जीआर आला १९९१ ला. १४ एप्रिल १९९० पर्यंत ज्या भूमिहीन दलित-आदिवासींचं अतिक्रमण हाय ते नियमानुकूल करायचं. मग तहसील म्हणलं, तारखेच्या आधीपासून कसताव याचा पुरावा काय? गावात १-ई चा रजिस्टर असतो, अतिक्रमणाची नोंद त्यात पडती. आमच्या गावच्या १-ई मदी तेवढीच पानं नव्हती. राह्यलं काय, ती दंडाची पावती अन् जनावरं घातल्याची पोलिसातली तक्रार. दोन्ही संस्थेच्या फायलीत.

सातबारा अजून झालेला न्हाई. २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशानं गायरानातल्या समद्यांना नोटिसा निघाल्या, तवा चुलता रात्रभर झोपला न्हाई. त्या टायमाला बी हीच पावती दाखवली. आता सांगा, केस संपली का? असल्या फायली असलेल्या संस्था मराठवाड्यात एक न्हाई. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं गायरानासाठी गावंच्या गावं उभी केली, त्या सगळ्या कागदाचं काय झालंय, काय होणार हाय, हे बी कुणीतरी इचारायला पायजे.

खंडपीठाची_पायरी

औरंगाबाद खंडपीठात वकिली करते. (शहराचं नाव बदललं तरी खंडपीठाचं जुनंच नाव अजून तोंडात बसलंय, त्यावरून इथे वाद नकोत.)

काळी_माती यांनी लिहिलेल्या गोष्टीला कायद्याची बाजू आहे आणि ती ट्रस्टींना माहीत असायला हवी. पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम ९० होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम ९२ म्हणून आलंय. तीस वर्षं जुना दस्त योग्य ताब्यातून कोर्टापुढे आला, तर त्यावरची सही नि अक्षर ज्याचं म्हणून सांगितलंय त्याचंच आहे, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही, पण धरू शकतं. एरवी सही शाबीत करायला माणूस उभा करावा लागतो. १९८८ च्या पावतीवर सही करणारा तलाठी आज कुठून आणणार?

म्हणजे १९९५ पर्यंतचे जे कागद 'जुने झाले' म्हणून टाकायला निघालात, ते कोर्टाच्या दृष्टीनं आत्ता कुठे वयात आलेत. पण यात दोन मेखा आहेत. हा फायदा मूळ कागदाला मिळतो, झेरॉक्सला किंवा स्कॅनला नाही. त्यामुळे 'स्कॅन करा आणि टाकून द्या' हा सल्ला गायरानाच्या फायलींसाठी घातक आहे. दुसरी मेख 'योग्य ताबा' या शब्दांत आहे. कागद जिथे असणं स्वाभाविक, तिथूनच तो आला पाहिजे. रद्दीवाल्याकडून परत विकत आणलेली पावती आणि संस्थेच्या कपाटातून, नोंदवहीतल्या क्रमांकासह आलेली पावती, या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. तेव्हा फायली हलवण्याआधी ट्रस्टींचा ठराव करा, यादी करा, कोणी कोणाला कधी सोपवलं याची पोच सही-शिक्क्यानिशी करा.

कॅसेट, फोटो, स्कॅन यांचं वेगळं. इथे जालन्याचीच केस लागू पडते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेलं खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरण. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे दाखवणाऱ्या निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून वाद होता. तो आमच्या खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला. मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट निराळी, पण इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच. नव्या कायद्यात ते कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाईलवरून संगणकानं काढलेला आकडा, फाईलमध्ये जरा जरी बदल झाला तरी तो बदलतो. म्हणून स्कॅन केल्या दिवशीच हॅश काढून ठेवा. पुढच्या पिढीतला वकील तुम्हाला दुवा देईल.

आणखी एक. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत खून झालेल्यांच्या वारसांसाठी पेन्शन, नोकरी, शेतजमीन, घर अशा तरतुदी आहेत. कितीतरी घरांना त्या मिळालेल्या नाहीत. ठाण्यातले आणि कोर्टातले कागद मुदतीनंतर नष्ट होतात. वारस आज अर्ज करायला गेला, तर फिर्यादीची नक्कल कोणाकडे सापडेल?

सडेतोड

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. गावात आता लोक एकत्र नांदतात. चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणाचं घर जाळलं याच्या फायली जपून काय साधणार? आणि एनजीओवाल्यांनी लिहिलं म्हणजे खरं कशावरून? एकतर्फी अहवाल असतात. सरकारी दप्तर आहे ना, ते बघावं.

मोडी_उर्दू

सडेतोड साहेब, सरकारी दप्तराचा भरवसा मराठवाड्यातल्या माणसाला देऊ नका. आमचं खासरा पत्रक, पहाणी पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदी) शोधताना काय हाल होतात ते आम्हाला ठाऊक.

मी मोडी आणि थोडं उर्दू वाचतो, त्यामुळे २०२३ ला आमच्यासारख्यांची अचानक चलती झाली. शिंदे समिती बसली, निजामकालीन कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून तहसीलचे बस्ते सुटले. एरवी ज्या अभिलेख कक्षात कारकून पाय ठेवत नाही, तिथे लोक रांगा लावून उभे. जे आयुष्यभर म्हणत होते की जुना कागद म्हणजे कचरा, तेच आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी हात जोडत होते. कागदाची गरज कोणाला कधी पडेल हे आधी कळत नाही. आज ज्याला 'त्यांच्या' फायली वाटतात, उद्या 'आपल्या'ही निघतील.

आणि सरकारी कागद दाबलाही जातो. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं. रझाकारांचे अत्याचार आपण शाळेत शिकलो, ते खरेच आहेत. त्यानंतर जी हिंसा झाली तिची पाहणी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना सरकारनंच पाठवलं. समितीच्या अंदाजानं २७ ते ४० हजार माणसं मेली आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद नि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. माझ्या वडिलांनी त्यातलं बरंच डोळ्यांनी पाहिलेलं, पण 'लिहिलंय कुठे?' असं कोणी विचारलं की गप्प बसायचे.

जतन

मूळची नांदेडची, सध्या पुण्यात एका ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागात. धागा दोनदा वाचला.

सडेतोड यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, फक्त उत्तर उलटं आहे. अहवाल एकतर्फी आहे की नाही हे पुढच्या माणसाला तपासता यावं, म्हणूनच कच्चे कागद ठेवायचे. छापील अहवालात 'अकरा घरं जाळली' असतं. वहीत असतं, कोण काय म्हणालं, कुठे दोघांच्या सांगण्यात फरक पडला, कार्यकर्त्यानं काय खोडलं. संग्रह कोणाच्या खरेपणाचा दाखला देत नाही. तो तपासायची सोय ठेवतो. संस्थेच्या विरोधातली पत्रकं, पोलिसांची उत्तरं, गावानं दिलेलं उलट निवेदन, तेही त्याच फायलीत राहू द्या.

मला या सगळ्यात चिलीची आठवण होते. तिथे १९७३ ला लष्करानं सत्ता घेतली आणि माणसं गायब व्हायला लागली. सँतियागोच्या चर्चनं १९७६ ला 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' नावाचं कार्यालय काढलं. तिथले वकील प्रत्येक गायब माणसासाठी कोर्टात अर्ज करायचे, म्हणजे आपल्याकडचं हेबियस कॉर्पसच. कोर्टानं जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले. तरी ते अर्ज करत राहिले आणि प्रत्येकाची नक्कल ठेवत राहिले. १९९० ला लोकशाही आली, सत्यशोधन आयोग बसला, तेव्हा कोण केव्हा कुठून उचललं गेलं हे सांगणारा सर्वांत सलग कागद त्या फेटाळलेल्या अर्जांचा निघाला. १९९२ ला कार्यालय बंद झालं, पण कागद सांभाळायला वेगळी संस्था उभी करून मगच. काळी_माती यांच्या आजोबांच्या दंडाच्या पावतीचं याच्याशी थेट नातं आहे.

विद्यापीठाचं म्हणाल तर जगभर तशी पद्धत आहे. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, बाबासाहेब शिकले तेच, ह्युमन राइट्स वॉच आणि ॲम्नेस्टीच्या अमेरिकी शाखेचे कागद सांभाळतं. मोठ्या संस्थांना ते जमतं, कारण कागद देताना करार होतो: कोणती पेटी किती वर्षं बंद, कोणाला उघडायची मुभा, खर्च कोण करणार. आपल्याकडे बहुतेकदा 'देणगी दिली' असं एक पत्र होतं आणि गठ्ठे कुठल्या तरी जिन्याखाली जातात. बालाघाट, विद्यापीठाला द्यायचं तर करार आधी आणि टेम्पो नंतर.

आता हाताच्या कामाचं. कृपा करून फायली 'नीट लावू' नका. उत्साही पोरं येतात, सगळे अहवाल एका ढिगात, फोटो दुसऱ्या ढिगात, तारखेप्रमाणे, असं करून टाकतात. त्या पोस्टकार्डाला त्याच गावच्या फिर्यादीशेजारी ठेवलंय, याला अर्थ आहे. कपाट, कप्पा, फाईल, आहे त्या क्रमानं पेन्सिलीनं नंबर टाका आणि यादी करा. एका ओळीत एवढंच: नंबर, फाईलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, गाव, साल, अंदाजे किती कागद, अवस्था. महसूल खात्यात अ, ब, क, ड वर्गवारी असते ना, अ कायम आणि ड वर्षभरानं नष्ट, तसं तुम्हीही ठरवू शकता, पण यादी झाल्यावर. वीजबिलं आणि प्रवासभत्त्याची व्हाउचर जाऊ देत. पण तीसुद्धा चाळून. एखाद्या व्हाउचरवर 'अमुक गाव, घटनास्थळ भेट' असं लिहिलेलं असतं आणि कार्यकर्ता त्या तारखेला तिथे होता याचा तेवढाच पुरावा उरतो.

लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप नको. गंजलेल्या पिना आणि स्टेपल हळूच काढा, त्याजागी सुती दोरा. खताच्या गोण्यांतून आधी बाहेर काढा, युरियाच्या गोणीत ओल धरते.

काळी_माती

जतन ताई, वाळवीचं बी सांगा. आमच्याकडं कपाट भिंतीला चिकटून ठिवलं की गेलं.

जतन

भिंतीपासून वीतभर लांब, खाली विटा नाहीतर लोखंडी घोडा. महिन्यातून एकदा मागून बॅटरी मारून बघायचं. कडुनिंबाचा पाला आपल्याकडे घालतात, घाला, पण वाळलेला. ओल्या पाल्यानं बुरशी येते.

रानजाई

मी गेवराई-वडवणीकडे ऊसतोड बायकांबरोबर काम करते. सगळे कागद जपायचं बोलताहेत, मला कागदातल्या बाईबद्दल बोलायचंय.

२०१९ ला गर्भपिशव्यांचा विषय गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. आकडा पेपरात आला. पण ज्या एकेका बाईमागचा कागद आहे, तो कुठे असतो माहितीय? प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रंकेत. दिवाळीनंतर घर बंद होतं, सहा महिने कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात. परत येईस्तोवर उंदीर, गळकं पत्र्याचं छप्पर. सोनोग्राफीचा फोटो तर गुळगुळीत थर्मल कागदावर असतो, उन्हाळा-दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. नेमका तोच कागद सांगतो की पिशवी काढण्यासारखं काही होतं की नव्हतं. त्यामुळे बाई भेटली की आम्ही आधी त्याचा फोटो काढतो, बाकी बोलणं नंतर.

पण त्या बायांनी आम्हाला कागद दिले ते उपचारासाठी, भरपाईसाठी. कोणाच्या पीएचडीसाठी नाही. एकीनं मला सरळ सांगितलं, ताई, माझं लिहून ठेव पण आमच्या तालुक्यात ठेवू नको, मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या साली उचल मिळायची नाही. दुसरी म्हणाली, माझं नाव टाक, लोकांना कळू दे. दोघी एकाच टोळीतल्या. म्हणजे संमती एकदाच घेऊन भागत नाही आणि सगळ्यांची एकसारखीही नसते. कॅसेटमधल्या ज्या बायका हयात आहेत, त्यांना आधी गाठा. काही विधवा आहेत, काहींच्या सुना आता त्याच गावात सरपंच आहेत. त्यांना विचारल्याशिवाय पेटी पुण्यात गेली तर ती लूट आहे, मग तुम्ही ती कितीही थंड खोलीत ठेवा.

खंडपीठाची_पायरी

रानजाई यांना पूर्ण अनुमोदन. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आधी ते २२८-अ होतं. हे संग्रहाच्या यादीलाही लागू होतं, हे लोक विसरतात. फाईलवर नाव असेल तर यादीत ते तसंच उतरवू नका, क्रमांक टाका. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तरी ती त्यात येते. संशोधन आणि जतनासाठी सूट आहे, पण अटींसह. थोडक्यात, स्कॅनर सुरू केला की जबाबदारी वाढते.

जतन

मान्य. 'फाईलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं' या माझ्या ओळीला तेवढा अपवाद. नाव-क्रमांकाची किल्ली वेगळ्या वहीत, वेगळ्या माणसाकडे.

लातूरकर_पुण्यात

आयटीवाला आहे, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनं लिहितो. स्कॅनिंगला सगळे नावं ठेवताहेत, पण २०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते आठवा. सीना, मांजरा, गोदावरी, सगळ्यांनी एकाच वेळी गावं घेतली. आमच्या एका नातेवाइकाच्या घरात छातीएवढं पाणी होतं, सगळी कागदपत्रं गेली. मूळ कागद कितीही मोलाचा असला तरी तो एकाच जागी असतो. कागद की स्कॅन हा वाद व्यर्थ आहे, दोन्ही करा.

मोबाइलनं चालतं, महागडा स्कॅनर लागत नाही. पण स्कॅनिंगच्या ॲपमध्ये कागद 'सुंदर' करायची सोय असते, ती आधी बंद करा. ती पिवळेपणा घालवते आणि त्याबरोबर फिकट शिक्काही घालवते. कडा कापू नका. मागची बाजू कोरी दिसली तरी घ्या, आवक क्रमांक बऱ्याचदा तिथेच असतो. प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढून एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा, त्याची छापील प्रत ट्रस्टींच्या सहीनं ठरावाला जोडा. तीन प्रती: एक तालुक्यात, एक दुसऱ्या जिल्ह्यात, एक अशा माणसाकडे जो या दोन्हीकडच्या भांडणात नाही. एकाच कार्यकर्त्याच्या गूगल खात्यावर सगळं चढवू नका. त्यानं संस्था सोडली की पासवर्डही जातो.

शोधता यायला हवं तर 'उवाझी' म्हणून मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे, मानवी हक्कांच्या कागदांसाठीच बनवलेलं. 'ह्युरिडॉक्स' ही १९८२ पासूनची संस्था ते चालवते. पण खरं सांगू, यादी नीट असेल तर सुरुवातीला एक्सेल पुरे. सॉफ्टवेअर बसवणारा पुढच्या वर्षी नोकरी बदलतो, एक्सेल राहतं.

आणि वेबसाइटचं कोणीच बोललं नाही. संस्थेची साइट आहे का? डोमेनचे पैसे भरायचे थांबले की ती जाणार. मराठवाड्यातल्या एका संस्थेच्या जुन्या पत्त्यावर आज ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये एकेक पान आजच जतन करा, फुकट आहे. कोलंबियावाले २००८ पासून जगभरच्या मानवी हक्क संस्थांच्या साइट अशाच उतरवून ठेवतात. यूट्यूबवर व्हिडिओ असतील तर मूळ फाईल स्वतःकडे हवीच. २०१७ ला सिरियातल्या युद्धाचे ढिगानं व्हिडिओ यूट्यूबच्या यंत्रणेनं हिंसक म्हणून उडवले होते, त्यात हक्क संस्थांनी पुरावा म्हणून टाकलेलेही गेले.

सडेतोड

बरं, पावतीचं पटलं. पण जाळपोळीच्या फायलींबद्दल माझी शंका कायम आहे. त्या उघड्या ठेवल्या तर निवडणुकीच्या आधी कोणीतरी एक पान उचलून व्हॉट्सॲपवर फिरवणार.

रानजाई

ही भीती खरी आहे, दादा. म्हणून उघड्या ठेवू नका, बंद ठेवा. जाळूही नका.

मोडी_उर्दू

पोचिराम कांबळे १९७८ ला नांदेड जिल्ह्यात मारले गेले. १९९४ ला १४ जानेवारीला नामविस्तार झाला, दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर लोक जमतात. कमानीवर नाव आलं, पण ज्यांची घरं गेली त्या गावांची पुरी यादी आजच्या पोरांना कुठे मिळेल, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. अशा गोण्यांतच असणार ती.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. हा धागा छापून ट्रस्टींच्या बैठकीत नेला होता. (हो, छापून. दोघांना मोबाइलवर वाचता येत नाही.)

तीस वर्षांचा मुद्दा वाचल्यावर रद्दीचं मत असलेले ट्रस्टी गप्प झाले. स्वतः जुने वकिलाचे कारकून, त्यांना 'योग्य ताबा' लगेच कळलं. ठरलं ते असं. गायरानाच्या मूळ फायली तालुक्यातच राहतील. एका ट्रस्टीच्या घरी वरच्या मजल्यावर खोली आहे, संस्थेच्या ठरावानं ताबा संस्थेचाच राहील आणि संस्था अजून काही वर्षं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीपुरती जिवंत ठेवायची, हिशोबपत्रकं भरत राहायची. काळी_माती यांच्यासारख्या प्रत्येक खातेदाराला त्याच्या फाईलची झेरॉक्स आणि फाईल क्रमांक असलेली चिठ्ठी द्यायची. अत्याचाराच्या फायली आणि कॅसेट बंद पेट्यांत. रानजाई म्हणतात तसं आधी बायकांना गाठायचं. विद्यापीठाशी बोलणं करारापासून सुरू करायचं, घाई नाही. सडेतोड यांचं म्हणणंही इतिवृत्तात घातलंय.

अडलंय ते दोन ठिकाणी. कॅसेट वाजवायला चालू अवस्थेतला डेक नाही. आणि एका फाईलमध्ये उर्दूत लिहिलेले कागद निघालेत, बहुधा इनाम जमिनीचे, कोणाला वाचता येत नाहीत.

मोडी_उर्दू

उर्दू कागद मी बघतो. फोटो पाठवू नका, मीच येतो. शिकस्ता, म्हणजे घाईघाईची मोडकी लिपी असेल तर फोटोवरून लागत नाही.

लातूरकर_पुण्यात

डेक माझ्याकडे आहे, वडिलांचा, नुकताच पट्टा बदलून घेतलाय. पण जुन्या कॅसेट लगेच वाजवू नका. बुरशी असेल तर टेप हेडला चिकटते आणि तिथेच तुटते. आधी उघडून पांढरे ठिपके आहेत का बघा, असतील त्या बाजूला काढा, पुण्यात करून घेऊ. आणि मागचे दोन्ही प्लास्टिकचे चौकोन तोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही.

काळी_माती

खोली वरच्या मजल्यावर हाय म्हणता, तर पत्र्याची हाय का स्लॅबची? पत्र्याची असंल तर एप्रिलात भट्टी व्हईल. आमच्याकडं तुरीच्या काड्याचं छप्पर घालायला मानसं हायेत, सांगा कधी येऊ.

बालाघाट

पत्र्याची आहे. रविवारी या.